पाच पॉइंट हवा
पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला की मला सोलापूरबाहेरची काळ्या दगडाची बंद खाण आठवते. खडकांवर उभ्यानं, पाय न टेकता चालवायची एक जुनी ट्रायल्स मोटरसायकल मी नवशिक्या उत्साहात घेतली होती. विकणाऱ्यानं तिच्या पराक्रमांवर भाषण दिलं. गळका कार्बोरेटर त्यात आला नाही. तो मी महिनाभर खपून दुरुस्त केला, तरी खाणीतली गुडघाभर उंच दगडी पायरी चढताना गाडी चेंडूसारखी उडून मला पाडायची. पुढच्या रविवारी जमलं नाही तर ती विकायची, असं ठरवलं. शनिवारी कारण सापडलं. पुस्तकात वाचून मी टायरमध्ये पाचच पॉइंट हवा ठेवायचो, आणि खाणीकडे जाताना मी टपरीवर चहा पीत असताना शेजारचे पंक्चरवाले चाचा बसलेलं टायर बघून मायेनं तीस भरून ठेवायचे. “मी मुद्दाम कमी ठेवतो, चाचा,” मी म्हणालो. “हवा काढून गाडी चढती व्हय? उभी हयात गेली की माझी हवा भरण्यात!” “मग खाणीत येऊन बघा.” “येतो. तुमाला उचलायला कुनीतरी पायजेच की.” रविवारी त्यांच्यासमोर हवा सोडली, गाडी रेटली, तेव्हा मागचं टायर दगडावर तळव्यासारखं पसरलं आणि गाडी वर गेली. चाचा हसले नाहीत. उकिडवे बसून त्यांनी टायर अंगठ्यानं दाबलं, मग दगड चाचपला, आणि व्हॉल्व्हवर बोट ठेवून विचारलं, “अजून जरा काढून बघायची का?” गाडी अजून माझ्याकडेच आहे, आणि हवा नेमकी किती काढायची यावरून आमचं दर रविवारी भांडण होतं.