निकालाआधीची डॉक्टरबाई

आमची डॉक्टरबाई कशालाही मार्क द्यायची. बरोबरला प्लस चार, चुकलं की मायनस एक. तिच्या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा हिशेब तिनं घरभर आणून सोडला होता. "मामी, वरण प्लस चार. पण भात चिकट झालाय, मायनस एक." माझ्या नव्या चपलांना तिनं शून्य दिलं होतं. "हा प्रश्न मी सोडून दिला, मामा. रिस्क नको." मी लातुरात क्लासवर बॉटनी शिकवतो. हसायची सवय मोडलेली, तरी हसू यायचं.

हे नाव आम्हीच पाडलेलं. ती माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. अगदी लहान असताना तिनं आजारी आजोबांच्या छातीला वाटी लावली आणि "खोकला हाय" असं सांगून टाकलं. झालं! लातूरजवळच्या मुरुडला, त्यांच्या घरात, तिचं खरं नाव पुढं फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलं. तिच्या वडिलांचं, म्हणजे आमच्या दाजींचं, खत-बियाण्याचं दुकान. गिऱ्हाईक बसलेलं असलं की आतल्या दाराकडं तोंड करून ते हाक द्यायचे, "डॉक्टरबाई, पाणी आणा!" गिऱ्हाईकही म्हणायचं, "आता आमची औषधं तुमच्याच हातची."

दहावीनंतर ती माझ्याकडं राहायला आली. पाठांतर करायची ते गच्चीवर फेऱ्या मारत, आणि ज्या सरांचा धडा त्या सरांच्या आवाजात. माझाही आवाज काढायची. "मुलांनो, हे पान दिसतं, पण हे खोड आहे. फसू नका." शेजारच्या गच्चीवरची पोरं हसायची. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तेच वाक्य म्हटलं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची आणि ही पहिल्या बाकावर मान खाली घालून बसलेली.

पहिल्या वर्षी, बारावीला, हुकलं. लातुरात त्याचं कुणाला काही वाटत नाही. रिपीटरच्या बॅचला वेगळी इमारत असते, इतके रिपीटर असतात. दुसऱ्या वर्षी मात्र पेपर चांगला गेला. उत्तरतालिका आली तशी मीच तिच्याजवळ बसून मार्क जुळवले. मागच्या वर्षीच्या कटऑफच्या वर भरले.

आमच्याकडं आता निकालाची वाट बघायची पद्धत उरलेली नाही. उत्तरतालिकेवर मार्क जुळले की पेढे वाटतात. मी त्याच्याही पुढं गेलो. मुरुडच्या स्टँडसमोर फ्लेक्स लावला. तिच्या फोटोला पांढरा कोट चढवून घेतला आणि खाली कोपऱ्यात माझा फोटो, 'मार्गदर्शक मामा'.

"मामा, निकाल तर येऊ द्या की," ती म्हणाली.

"अगं, आता राहिलंय काय?"

निकाल आला. मार्क जुळवले तेवढेच पडले होते. कटऑफच वर चढला. सरकारी सीट गेली आणि खाजगी कॉलेज आमच्या आवाक्यातलं नव्हतं. फ्लेक्स मात्र तसाच राहिला. उतरवला तर लोक विचारतील, म्हणून कुणी उतरवेना.

त्या आठवड्यात ती माझ्याजवळ येऊन बसली. "मामा, मला तिसऱ्यांदा नको. पुस्तक उघडलं की एकाच ओळीवर अडकून बसते, फुडं सरकतच न्हाई. पप्पा तुमचं ऐकतात. तुमी सांगा." मी म्हणालो, सांगतो.

रविवारी दाजी आले. चहा झाला. "मास्तर, काय करायचं पोरीचं?" ती दाराशी उभी होती. मला ती दिसत होती, आणि मुरुडच्या फ्लेक्सवरचा माझा फोटोही दिसत होता. मी म्हणालो, "थोडक्यात हुकलंय दाजी. एक वर्ष अजून देऊ."

दाजींनी तिच्याकडं पाहिलं. "काय, डॉक्टरबाई?"

"मामा म्हणतात तसं," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या वर्षी आमच्या घरात कशालाच मार्क मिळाले नाहीत. बायकोनं एकदा मुद्दाम भात चिकट केला. पोरीनं तो मुकाट्यानं खाल्ला, ताट उचललं, विसळून ठेवलं.

परीक्षेचं सेंटर नांदेडला आलं. मी सोबत गेलो. पेपर सुटला तशी ती सावकाश बाहेर आली. मी विचारलं, कसा गेला?

"कोरा दिला, मामा. नाव-नंबर लिहिला आणि शेवटपर्यंत बसून होते. एकबी गोल काळा केला न्हाई."

मी तिच्या हातातली पाण्याची बाटली घेतली. मग तीच म्हणाली, "थोडंबी बरोबर आलं असतं, तर तुमी अजून एक वर्ष मागितलं असतं."

कुणाला सांगू नका, असं ती म्हणाली नव्हती. तरी मी सांगितलं नाही. निकाल लागला, दाजींनी तिच्याशी बोलणं टाकलं, आणि ती नांदेडला मैत्रिणीकडं निघून गेली. कापडाच्या दुकानात काम करते, बाहेरून बी.ए. करते. फोन फक्त आईला. इकडं लग्नकार्यात दाजी चारचौघांत म्हणायचे, "मास्तरनं लई केलं हो. आमचीच पोरगी ढ निघाली." मी मान खाली घालायचो. लोकांना तो माझा विनय वाटायचा.

गेल्या महिन्यात दाजी दुकानाच्या कामानं लातूरला आले होते. स्टँडवर बाकावर बसून मुरुडच्या गाडीची वाट बघताना त्यांनी तेच वाक्य पुन्हा काढलं. का कोण जाणे, या वेळी माझी मान खाली गेली नाही. तिचं एकाच ओळीवर अडकणं, तिनं माझ्याकडं मागितलेलं, मी दिलेला शब्द, कोरा पेपर. सगळं सांगितलं.

दाजींनी मांडीवरची पिशवी बाकावर ठेवली. "आता सांगायलात, मास्तर?"

"होय."

मुरुडची गाडी लागली. लोक चढले. दाजी जागचे हलले नाहीत. गाडी गेल्यावर उठले आणि चौकशीच्या खिडकीत वाकून त्यांनी विचारलं, नांदेडची कुठं लागते? मी त्यांची पिशवी घेऊन मागं उभा होतो. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तुमी नका येऊ," म्हणाले.