रुळावरची माणसे

१२ फेब्रुवारी २००९. माणसे तीन.

निवृत्तीनंतरच्या डायरीत दिलीप सोनवणे यांनी एवढीच नोंद केली होती. खानदेशातल्या एकेरी मार्गावरील एका लहान स्टेशनाचे ते मास्तर होते. आता शहरातल्या भेस्तान भागात मुलीकडे, हर्षदाकडे राहत. रेल्वेची वाहतूक संगणकावर हुबेहूब चालवून दाखवणारे सॉफ्टवेअर तपासणे, हे हर्षदाचे काम.

त्या रविवारी तिच्या पडद्यावर दोन मालगाड्या समोरासमोर अडल्या होत्या. पहिलीला हवा तो मार्ग दुसरीने धरलेला, दुसरीला हवा तो पहिलीने. सगळे सिग्नल लाल.

“बाबा, अगदी आपल्या दोन्ही आत्या! आधी तिनं बोलावं, मग मी.”

“एकीला मागच्या स्टेशनात घे,” दिलीपराव हसत म्हणाले.

तिने घेतली. सिग्नल हिरवे झाले. तिने टाळी वाजवली. दिलीपरावांचा चेहरा मात्र उतरला.

“मागे रुळावर माणसं असली तर?”

“यात माणसं नाहीतच, बाबा. फक्त गाड्या.”

“माझ्याही डोक्यात त्या दिवशी फक्त गाड्याच होत्या.”

मग त्यांनी इतक्या वर्षांत प्रथमच सांगितले. दगा हा रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीचा मुकादम. त्या स्टेशनाची रीत अशी की मास्तराने परवानगी आधी तोंडी द्यायची आणि कागदावर सही संध्याकाळी करायची. दोनपर्यंत गाडी येणार नाही, असा शब्द दगाला त्यांनीच दिला होता. पुढे दोन गाड्या अशाच अडल्या, वरून फोनवर फोन आले, आणि त्यांनी एक गाडी मागे घ्यायला लावली. वळणावर दगा आणि त्याच्या टोळीतले उखा, भाईदास काम करत होते. चौकशीत कागद मागितला गेला, कागद नव्हता. विनापरवानगी काम केल्याचा ठपका मेलेल्या दगावर बसला. दिलीपराव गप्प राहिले.

हर्षदाने पडद्यावरच्या त्या टप्प्यात ‘माणसे कामावर’ अशी खूण घातली. गाड्या पुन्हा अडल्या.

“अडू दे,” ते म्हणाले.

“दगाकाकांच्या घरी सांगितलंत?”

दुसऱ्या दिवशी ते त्याच शहरात गोडादऱ्याला, दगाच्या घरी गेले. दगाची बायको सुमनबाई साडीवर खडे चिकटवत होती. हात पुसत ती लगबगीने उठली.

“बठा साहेब. त्यासनी चूक व्हती, तरीबी तुम्ही उनात. दुसरा कोन येस?” चूक नवऱ्याचीच, तरी साहेब आले, याचेच तिला अप्रूप.

दिलीपरावांनी चहा घेतला, मुलांची चौकशी केली आणि ते परतले.

ठपका दगाच्याच नावावर आहे. त्या संध्याकाळी द्यायची सही दिलीपरावांनी अजून दिलेली नाही.