यादीतून खोडलेलं गाव

मी मनात डूख धरणारा माणूस आहे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं घरात मला अधूनमधून ऐकवतात. ऐकवू देत. लोणावळ्याच्या वकीलसाहेबांची हकिगत सांगताना मी ती गोड करून सांगणार नाही.

तेव्हा मी तळेगावच्या शाळेत भूगोल शिकवत होतो. वकीलसाहेबांनी मुंबईत मोठी वकिली केली आणि लोणावळ्यात बंगला बांधला. त्यांना पत्नीसह दोन महिने इटलीला जायचं होतं. जुनी शहरं बघायची, खेड्यापाड्यांतून हिंडायचं, पण कुठून कुठं जायचं याचा पत्ता नाही. तळेगावात एका मास्तराला जगाचा नकाशा तोंडपाठ आहे असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, आणि मला बोलावणं आलं. "सगळं तुम्ही आखा मास्तर," ते म्हणाले, "आणि आमच्याबरोबर चला. सोबतीला जाणता माणूस हवाच."

पुढं वर्षभर दर रविवारी मी सकाळच्या गाडीने लोणावळ्याला जात होतो. व्हरांड्यात नकाशे पसरायचे, मुंबईहून मागवलेली लाल पुठ्ठ्याची प्रवासपुस्तकं, तिकडच्या रेल्वेचं वेळापत्रक, आणि शेजारी आपलं पंचांग. पंचांग अशासाठी, की वहिनी, म्हणजे वकीलसाहेबांच्या पत्नी, एकादशी कधी मोडत नसत. परक्या मुलखात उपासाचं कोण देणार? म्हणून चारही एकादश्यांना मुक्काम मोठ्या शहरात पडावा, दूध आणि फळं हाताशी असावीत, असा बेत मी बसवला. वकीलसाहेब पाच मिनिटं ऐकायचे आणि आरामखुर्चीत घोरायला लागायचे. ऐकायच्या त्या वहिनी. तांदूळ निवडता निवडता प्रश्न विचारायच्या. नकाशावरची नावं वाचता यावीत म्हणून इंग्रजी अक्षरंही त्या माझ्याकडून शिकल्या.

एका पुस्तकात बारीक टाइपात चार ओळी होत्या आणि तळहाताएवढं चित्र. डोंगराच्या सोंडेवर वसलेलं गाव, भोवती तट, वर जायला एकच वाट, मधल्या चौकात विहीर. मळवलीला गाडी थांबली की लोहगड दिसतो. मी तो कितीदा चढलोय, विंचूकाट्याच्या सोंडेवर बसून भाकरी खाल्लीय. वर नुसते पडके चौथरे. ते चित्र बघितलं आणि वाटलं, आपल्या गडावर माणसं नांदती राहिली असती तर असाच दिसला असता. त्या तटाच्या टोकावरून खाली काय दिसतं, हे पुस्तकात दिलेलं नव्हतं. मला ते बघायचं होतं. रोम आणि व्हेनिस जगाने बघावं, मला त्या तटावर उभं राहायचं होतं. मी यादीत तिथं चार दिवस घातले.

"मास्तर, रोमपेक्षा तुम्ही याच गावाबद्दल जास्त बोलता," वहिनी म्हणायच्या.

मी शाळेत रजा मांडली. गरम कोट शिवला. समुद्र ओलांडल्याबद्दल आल्यावर प्रायश्चित्त घेईन, या अटीवर आईने परवानगी दिली. स्टेशनमास्तरापासून न्हाव्यापर्यंत सगळ्या तळेगावाला ठाऊक झालं.

निघायला तीन आठवडे होते. रविवारी बंगल्याच्या फाटकाशी माळी भेटला. जुना माणूस, मावळातलाच शेतकरी.

"मास्तर, जावईबापूंची टरंक आली काल मुंबईस्नं," तो म्हणाला. "त्येच जानार म्हनं सायबासंगं."

"आणि मी?"

"तुमचं काय म्या आईकलं न्हाई. तुमी हितंच ऱ्हानार व्हय?"

आत वकीलसाहेब सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "जावयाची इच्छा दिसली, मास्तर. घरच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? पण तुमची यादी तेवढी पुढच्या रविवारी पक्की करून द्या हं."

"देतो," मी म्हणालो. नरड्याशी आलेल्या शिव्या गिळल्या. त्या आठवड्यात न्हाव्याने तीनदा विचारलं, "मास्तर, मग कधी निघताय?" कोट खुंटीला लोंबत होता. त्याच्याकडे बघून मी दात-ओठ खात होतो.

पहिल्यांदा वाटलं, चुकीच्या गाड्या लिहून द्याव्यात. भटकू देत. पण मग लोक म्हणाले असते, मास्तराला भूगोल येत नाही. ते मला चाललं नसतं. म्हणून मी यादी नव्याने लिहिली आणि ते गाव खोडलं. तेवढ्याने मन भरेना, तेव्हा गाडी अशी निवडली की ती त्याच डोंगराच्या पायथ्याशी दोन मिनिटं थांबेल. गाव यांच्या नाकासमोर यावं आणि यांना कळू नये! गाढवाला गुळाची चव काय? चार दिवस वाचले ते पुढच्या शहरांत वाटून टाकले आणि घोटीव अक्षरात प्रत करून दिली.

ते गेले. ज्या दिवशी त्यांची गाडी त्या पायथ्याशी थांबणार होती, त्या दिवशी मी वर्गात नद्या शिकवत होतो. घड्याळ बघितलं आणि मधेच थांबलो. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

परत आल्यावर त्यांनी मला बोलावलं. मीही गेलो, कसे फसले ते बघायला.

"यादी झकास होती मास्तर," वकीलसाहेब म्हणाले. "पण खरी बहार आली ती यादीत नसलेल्या गावात! एका आडस्टेशनवर गाडी थांबली. एकादशी होती. ही दूध बघते म्हणून खाली उतरली, ती परत चढेचना. गार्ड शिट्ट्या मारतोय! शेवटी जावई आणि मी सामान घेऊन उतरलो. वर डोंगरावर गाव. चार दिवस हललो नाही. तुमच्या नजरेतून कसं सुटलं हो ते?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. रागाच्या भरात दिवस पुढंमागं केले होते आणि पंचांग उघडायचं राहिलं होतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

वकीलसाहेब आंघोळीला गेले. वहिनींनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"वर्षभरात तुम्ही माझी एकही एकादशी प्रवासात पाडली नव्हती, मास्तर. यादी हातात आली आणि मी पंचांग बघितलं. म्हटलं, मास्तर चिडलेत. मग पुढं बघितलं तर तुमचं गावच नाही."

"मग?"

"मग काय? स्टेशनच्या पाटीवर अक्षरं जुळवली आणि उतरले. दूध माझ्याजवळ थर्मासात होतं. तुम्हाला न्या म्हणून मी यांना परोपरीनं सांगितलं. ऐकलं नाही. म्हटलं, निदान आपण बघून यावं आणि तुम्हाला सांगावं. चारही दिवस त्या तटावर जाऊन बसत होते. विचारा आता, काय विचारायचं ते."

मी त्यांचे पाय धरायला हवे होते. पण मला संताप आला. या घराने मला नेलं नाही ते नाहीच, माझा सूडही मला धड घेऊ दिला नाही!

"मला काही विचारायचं नाही," मी म्हणालो आणि टोपी घातली. मागून त्या म्हणाल्या, "मास्तर, चहा तरी घेऊन जा." मी वळलो नाही.

त्यानंतर मी त्या बंगल्यात गेलो नाही. दोन वर्षांनी वहिनी तापाने गेल्या. पुढं लढाई लागली आणि तिकडं जायचा प्रश्नच मिटला. वकीलसाहेब अजून हयात आहेत. माळ्याकडून दोनदा निरोप आला, येऊन जा म्हणून. त्यांनीही तो तट बघितलाय. विचारलं तर पाच मिनिटांत सांगतील. पण त्यांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा न ऐकलेलं बरं. त्यांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

पण हल्ली त्यांच्यापेक्षा माझाच राग जास्त येतो. ती बाई उपाशी पोटी तो डोंगर चढली, चार दिवस बसून माझ्यासाठी बघून आली, आणि मी तिला सांगू दिलं नाही.