घाट चालू आहे का?

“मी काय त्या डोंगराचा बाप लागतो? मला काय विचारतोस रे? तुझ्या कचेरीला खिडकी नाय? त्या खिडकीतून डोंगर दिसत नाय?”

एका हातात झारा, दुसऱ्या हातात फोन आणि मधे कढईत वडे काळे पडतायत, अशा अवस्थेत माझे थोरले साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, ओरडत होते. सह्याद्रीच्या या अंगाला त्यांच्याइतका रागीट माणूस झाला नाही, आणि रागवायला इतकी मोक्याची जागाही दुसऱ्या कुणाला मिळाली नाही. पोलादपुरात महामार्ग सोडून महाबळेश्वरचा रस्ता आंबेनळी घाटाकडे वळतो, त्या फाट्यावर त्यांचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक कढई आणि साडू. ते ओरडले की कुडपणच्या माळावर गुरं माना वर करतात. वीर स्टेशनात उतरलेला एक पाहुणा त्यांच्या आवाजाला गाडीची घोषणा समजून परत डब्यात चढला आणि थेट रत्नागिरीला गेला, हे मी महाडात सांगतो तेव्हा लोक हसतात, पण खोटं आहे असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

चौकशी या गोष्टीचीच त्यांना चीड. ज्यानं त्यानं आपापलं माहीत करून घ्यावं, हा त्यांचा धर्म. एकदा गॅसवाल्यांनी त्यांचा पत्ता काय हे विचारायला त्यांच्याच पत्त्यावर माणूस पाठवला. साडूंनी त्याला बसवून चहा पाजला, वडा खिलवला आणि त्याच्या पिढ्यांचा उद्धार केला. जाताना तो बिचारा म्हणाला, “पत्ता तेवढा सांगा.” त्यानंतर महिनाभर साडूंचा घसा बसला होता. पोलादपूरकरांना तेवढीच विश्रांती.

पण खरा संताप घाटाचा. वरून उतरणारा प्रत्येक ड्रायव्हर पहिला चहा त्यांच्याकडे घेणार आणि बशीत फुंकर मारता मारता सांगणार, कुठल्या वळणाला दगड आलेत, कुठं माती सुटलीय. पावसाळ्यात घाट चालू की बंद, ही बातमी अशी आयती त्यांच्या बाकड्यावर येऊन पडायची. हे एका कचेरीला कळलं. कचेऱ्यांची नावं मी घेणार नाही, मला याच भागात राहायचंय. तर पहिली कचेरी साडूंना विचारायची. दुसरी पहिलीला विचारायची. तिसरी दुसरीला. आणि संध्याकाळी तिसरीतले साहेब साडूंनाच फोन करून जड आवाजात सांगायचे, “घाट चालू असल्याची खात्रीलायक माहिती आहे. गिऱ्हाइकांना कळवा.” सकाळी आपण उधळलेले शब्द संध्याकाळी शिक्का मारून घरी परत आले, की साडू पेटायचे. “यांना गाड्या दिल्या, वायरलेस दिला, दर पावसाळ्याला नवा रेनकोट दिला. एकानं उठून वर जाऊन बघितलंय कधी? नाय. वडेवाल्याला विचारा.”

खरं सांगतो, मलाही चीड यायची. हा डोंगर काही चित्रातला नाही, तो खाली येतो. त्याच्याखालून माणसं रोज जातात. आणि एवढ्या सगळ्या सरकारी शहाणपणाचा उगम कुठं, तर एका कढईत. त्यात साडूंना गाडी लागते. वळण दिसलं की त्यांच्या पोटात ढवळतं. कित्येक वर्षांत ते स्वतः घाट चढले नव्हते.

त्या दिवशी त्यांच्या एकुलत्या लेकीचा साखरपुडा होता. श्रावणाचे दिवस. मुलाकडची मंडळी मेढ्याची, घाट उतरूनच येणार. सकाळपासून जिलेबीचा घाणा चालू, भटजींचा पत्ता नाही, माझ्या मेव्हणीला नवी साडी सापडत नाही, आणि दर थोड्या वेळानं फोन, घाट चालू आहे का? दोनदा साडूंनी दात आवळून सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांचा बांध फुटला.

“बंद हाय. कायमचा बंद. डोंगर पाय पसरून बसलाय रस्त्यात, चहा मागतोय.”

पलीकडच्यानं “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला. तासाभरात वर आणि खाली दोन्हीकडे आडवे बांबू पडले. मग मुलाच्या मामांचा फोन. “व्याही, आम्ही वरच्या नाक्यावर अडकलोय. डोंगर आलाय म्हणे. चिपळूणवरून वळसा घालायचा तर रात्र होईल. आमच्यातली जुनी माणसं म्हणतायत, पहिल्याच पावलाला रस्ता अडला, तर पुन्हा विचार करावा.”

लेक दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. साडूंनी कचेरीला फोन लावला, तो लागेना. मग जिलेबीचा घाणा तसाच सोडला, मला स्कूटरवर मागं बसवलं आणि निघाले. खालच्या बांबूवरच्या गड्यानं त्यांचा चेहरा बघूनच बांबू उचलला. अख्ख्या घाटात डोंगर सोडा, खडासुद्धा नव्हता. एक खेकडा तेवढा रस्ता ओलांडत होता. दर दुसऱ्या वळणाला साडू थांबायचे, ओकायचे, कचेऱ्यांना शिव्या घालायचे आणि पुन्हा किक मारायचे.

वरच्या नाक्यावर बांबूच्या पलीकडं व्याह्यांच्या गाड्या, अलीकडं आम्ही. मधे होमगार्ड.

“खोल रे. रस्ता मोकळा हाय.”

“घाट बंद आहे.”

“मग मी आलो कुठनं? आभाळातनं पडलो?”

“ते मला नाही माहीत. बंद घाटातून आलात, म्हणजे तुमच्यावरच केस होईल.”

तरी भला माणूस, त्यानं वायरलेसवर विचारलं. उत्तर आलं, फाट्यावरच्या माणसाला फोन लागत नाही, खात्री होईपर्यंत उघडू नका. लागेल कसा? साडूंच्या फोनला घाटात रेंज नाही आणि फाट्यावरचा माणूस चिखलानं माखून त्या यंत्रासमोर उभा.

“सांग त्यांना,” साडू गरजले, “तो मीच हाय. हितं हाय.”

होमगार्डनं सांगितलं. यंत्र थोडं खरखरलं. “फाट्यावरचा माणूस फाट्यावर असतो. तिथं कोण आहे ते बघा.”

मामा गाडीच्या काचेतून म्हणाले, “आम्ही थोडा वेळ थांबतो. मग मात्र फिरतो माघारी.”

आम्ही पुन्हा खाली. घाट चालू आहे हे सांगण्यासाठी तोच चालू घाट पुन्हा उतरणारे जगात आम्ही दोघंच असू. फाट्याजवळ रेंज आली आणि फोन वाजला.

“घाट चालू आहे का?”

साडूंनी श्वास घेतला. मी कानांवर हात ठेवले. पण ते अगदी हळू म्हणाले, “चालू हाय साहेब.”

“नक्की? कोणी बघितलं?”

इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. “मी,” ते म्हणाले. “आत्ताच.”

बांबू उठले, मंडळी आली, गार जिलेबी गोड मानून घेतली, लेकीच्या बोटात अंगठी गेली. पाहुणे निघाल्यावर साडूंना दिवसभराचा राग आठवला. फोन लावून त्यांनी गर्जना केली, “घाट बंद म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला? नाव सांगा.” पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “तुम्हीच.”

लेक आता मेढ्याला नांदते. कचेऱ्या होत्या तशाच आहेत, फोन अजून वाजतो, आणि मला त्या कचेऱ्यांचा राग अजून येतो. साडू मात्र ओरडत नाहीत. “थांबा,” म्हणतात, कढई उतरवतात, स्कूटर काढतात आणि भर पावसात घाट चढून जातात. पांढऱ्या तोंडानं परत येतात आणि मग फोन करून सांगतात. गेल्या पावसाळ्यात मी न राहवून म्हटलं, “भाऊ, एवढं पोटात ढवळतं, तर कशाला जाता? ड्रायव्हर सांगतात ते सांगायचं, पहिल्यासारखं.”

ते झाऱ्यानं वडे उलटत होते. वर न बघता म्हणाले, “पोर पलीकडं हाय.”