गुलाबी तळहात

परवा भावाच्या शेतात सरकीच्या बियाण्याची पिशवी फोडली आणि तो औषधाचा उग्र वास नाकात शिरला, तसं माझं डोकंच फिरलं. पिशवीवर ठळक छापलेलं असतं, हातमोजे घालूनच हाताळा. आणि जालन्याजवळच्या बियाण्याच्या कारखान्यात तेच बियाणं आम्ही बाया उघड्या हातांनी भरायचो. औषधातल्या रंगानं तळहात गुलाबी व्हायचे, कातडी सोलून निघायची. हातमोजे मागितले की मुकादम म्हणायचा, "लई नाजूक झाले का हात?" शेवटी आम्ही कामगार कार्यालयात तक्रार दिली. तपासणीला साहेब येणार, हे त्या मेल्याला आधीच कळलं. त्या सकाळी त्यानं सगळ्यांना कोरे हातमोजे वाटले. साहेबांनी ते काढायला लावले, तर गुलाबी हात बघून मुकादमच दात काढून म्हणाला, "लग्नसराई हे साहेब, मेंदी लावून राह्यल्या बाया." साहेबही हसले. तेव्हा माझ्या शेजारची उठली. तिचा नवरा वारून वर्ष झालं होतं. साहेबांच्या चहापुढं तिनं दोन्ही तळहात धरले. "मला कुंकू न्हाई साहेब. मेंदी कोन लावीन?" साहेबांनी कप खाली ठेवला आणि पेन काढलं. हातमोजे तेव्हापासून रोज मिळाले. तिला मात्र दुसऱ्याच दिवशी गेटवर अडवलं. मंग आम्हीही आत गेलो न्हाई, तिला घेईपर्यंत तिथंच बसलो. आता बाजारात तो मुकादम दिसला की हात जोडतो. माझे हात त्याच्यापुढं अजून जुळले न्हाईत.