माहेरचा मुक्काम

वहिनी गेल्याची तार आली तेव्हा मी बेळगावात कचेरीत होतो. "खानापूरची तार? मग तापच असणार," शेजारचा चिकोडीचा कारकून म्हणाला. मला राग आला… पण तो खोटं बोलत नव्हता. जिल्हा एकच, कलेक्टर एकच. तरी त्यांच्या तालुक्यात माणसं म्हातारी होऊन जात आणि आमच्याकडे पावसाळा सरता सरता घरोघरी हिवतापानं कुणी ना कुणी गेलेलं असे. म्हणून चिकोडीकडचे लोक खानापुरात मुलगी देत नसत. कामाला आले तरी मुक्काम करत नसत. ताप रात्रीच धरतो, अशी त्यांची पक्की समजूत.

दादाला, माझ्या थोरल्या भावाला, जंगलखात्यात नोकरी होती. तेवढ्यावर भुलून वहिनींच्या वडिलांनी, चिकोडीकडचे असूनही, ही रीत मोडली. दरवर्षी भातकापणीच्या सुमारास वहिनींचे थोरले भाऊ, अण्णा, गूळ घेऊन येत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत फिरत.

"एक रात ऱ्हा की रं अण्णा."

"न्हाय गं गंगू. हितं निजायचं म्हंजे लई भ्या वाटतंय."

एवढा तालमीतला गडी डासांना भितो, म्हणून मी मागून चेष्टा करी. वहिनी हसत नसत. चुलीतली लाकडं पुढं सारत राहत.

मग एका पावसाळ्यात वहिनींचा एकुलता मुलगा तापानं गेला. त्या हंगामात अण्णा आले ते गुळाची ढेप खाली ठेवत स्वतःच म्हणाले, "आज ऱ्हातो गं." वहिनींनी भाकरीवरून मान वर केली नाही. "नगं. गाडी चुकंल. ऊठ."

तेव्हापासून सगळं उलटंच झालं. उन्हं उतरली की वहिनी अण्णांचं गाठोडं दारात नेऊन ठेवत, गुळात घोळलेली क्विनीनची पूड त्यांना बळेच खायला लावत आणि स्टेशनाकडे पिटाळत. दादा वारल्यावर घरात त्या एकट्याच उरल्या, तरी हा नेम सुटला नाही. अण्णा म्हणत, चल चिकोडीला. "माझं प्वार हितंच पुरलंय," एवढंच त्या बोलत. त्या घरातून निघताना माझाही पाय जड व्हायचा.

दहाव्याला अण्णा आले, काठी टेकत. विधी उरकले, माणसं पांगली. उन्हं उतरली, तसं मला फार एकटं वाटायला लागलं… कुणीतरी आतून 'गाडी चुकंल' म्हणून ओरडावं असं वाटत होतं.

"अण्णा, गाडीची वेळ झाली," शेवटी मीच म्हणालो.

"ठावं हाय."

ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसून राहिले. गाडी आली, शिट्टी देऊन गेलीही. अंधार पडल्यावर त्यांनी विचारलं, "हातरूण कुठं टाकू?"

मी चुलीजवळची जागा दाखवली. वहिनींच्या संसारात माहेरचं माणूस मुक्कामाला राहिलं ते त्या रात्री, पहिल्यांदाच.