विंचवाचं वकीलपत्र

उभ्या ठाणे जिल्ह्यात विंचवावर मनापासून प्रेम करणारा एकच माणूस झाला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या पदरात पडला. विंचू म्हणजे दगडाखालचा नव्हे. तो दिसला की आमचे भावजी तुमच्याआमच्यासारखेच खुर्चीवर चढतात. त्यांचा विंचू आकाशातला. वृश्चिक रास. बारा राशींमध्ये नावाला जागणारी ही एकटीच, असं त्यांचं ठाम मत होतं. "मेंढा दाखव मला आकाशात, जेवायला घालतो तुला! कन्या दाखव, कुंभ दाखव. सगळा मानून घ्यायचा कारभार. आणि आमचा बघ. पुढचे चिमटे, छातीत ज्येष्ठेचा लाल तारा, आणि वर वळलेली ही शेपूट. शाळेतलं पोरही ओळखेल." हे ऐकवताना ते हवेत बोटाने शेपूट काढायचे आणि ती हमखास समोरच्याच्या चष्म्याला लागायची. पेशाने ते ड्राफ्ट्समन. दिवसभर कारखान्यात सरळ रेघा मारायच्या आणि संध्याकाळी वर्तकनगरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जाऊन वाकड्या शेपटीवर जीव टाकायचा, असा त्यांचा दिनक्रम. चाळीतल्या, बिल्डिंगीतल्या पोरांनी त्यांना 'विंचूकाका' म्हटलं, तर त्यांना ती पदवी वाटायची.

नवा माणूस भेटला की लोक गाव विचारतात, आडनाव विचारतात. भावजी रास विचारायचे. वृश्चिक निघाली तर चहा आणि तूळ निघाली तर व्याख्यान. कारण तुळेवर त्यांचा जुना राग. फार पूर्वी, म्हणे, तूळ अशी रासच नव्हती, त्या ताऱ्यांना लोक विंचवाचे पुढचे चिमटे समजायचे. पुढे रोमन लोकांनी ते कापून घेतले आणि त्यांचा तराजू केला. "भर आकाशात झालेली चोरी आहे ही," भावजी एकदा वाण्याला सांगत होते, आणि वाणी बिचारा हातात खराच तराजू धरून साबुदाणा मोजत होता. त्याची रास तूळ आहे हे त्याने चुकून कबूल केलं होतं. गंमत म्हणजे आमच्या ताईचीही रास तूळच. लग्नाआधी ही गोष्ट भावजींना कशी कळली नाही, याचं मला आजवर कोडं आहे. घरात वाद झाला आणि उत्तर सुचेनासं झालं की ते फक्त म्हणायचे, "चिमट्यांकडून दुसरी काय अपेक्षा!" आणि ताई म्हणायची, "चिमटा बसला तरी का एकदा?"

विंचू वर येताना पाहायचा तर दक्षिणेची बाजू मोकळी हवी, म्हणून उन्हाळ्यात ते सायकल घेऊन बाळकुमच्या खाडीवर जात. पारसिकच्या डोंगरावरून आधी डोकं, मग लाल छाती, मग शेपटीचा एकेक मणी वर यायचा. मीही एकदा गेलो होतो, आग्रहाला बळी पडून. खाडीच्या डासांनी मला ज्येष्ठेपर्यंत पोचूच दिलं नाही. तिथे जाळं आवरत बसलेल्या एका कोळीणबाईंना भावजींनी मोठ्या कौतुकाने शेपूट दाखवली. बाईंनी एकदा वर बघितलं आणि म्हणाल्या, "इंचू कंचा? गल हाय तो!" मासे धरायचा गळ. आणि खरं सांगतो, एकदा ऐकल्यावर मलाही गळच दिसायला लागला. भावजी परत येताना गप्प. पुढे आठवडाभर जेवण धड नाही. शेवटी "गळालाही टोक असतंच की" अशी स्वतःची समजूत घालून ते माणसात आले. शहाऐंशी साली मोठा धूमकेतू आला तेव्हा सगळी बिल्डिंग पहाटे शाली गुंडाळून गच्चीवर. तोही नेमका विंचवाच्या शेपटीच्या अंगाला आलेला. लोक विचारताहेत, कुठाय, कुठाय. आणि आमचे भावजी पाहुण्याकडे पाठ फिरवून घरच्याचं कौतुक सांगताहेत. कुणीतरी वैतागून म्हणालं, "अहो काका, विंचू काय, दरवर्षी असतो!" त्यावर भावजी म्हणाले, "म्हणूनच."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण माझी भाची मूळ नक्षत्रावर जन्मली, आणि विंचू आमच्या घरात उतरला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याच्या जिवावर येते अशी आपल्याकडे समजूत आहे. भल्याभल्या शिकलेल्या घरांत पत्रिकेवर 'मूळ' दिसलं की पत्रिका साभार परत. दुसरा बाप असता तर हादरला असता. भावजींनी कारखान्यात पेढे वाटले. कारण मूळ म्हणजे विंचवाच्या शेपटीचेच तारे. पंचांगवाले ते धनू राशीत धरतात, यावर त्यांचा स्वतंत्र संताप होता, तो इथे सांगत नाही. बारशाला त्यांनी नाव सुचवलं 'निर्ऋती', मूळ नक्षत्राची देवता म्हणून. ही विनाशाची देवता आहे हे कळल्यावर ताई भरल्या बारशातून उठून आत गेली आणि बाहेर आली ती 'शुभदा' हे नाव घेऊनच.

शुभदा लग्नाची झाली तेव्हा स्थळं बघायचं काम मामा म्हणून माझ्याकडे आलं. मी डोंबिवलीत राहणारा, बँकेत काम करणारा, चार लोकांत ऊठबस असलेला माणूस. मी सरळ मार्ग सुचवला. जन्मवेळ थोडी मागे घ्या, सगळे घेतात. पण थोडी मागे घेतली की लागते ज्येष्ठा, आणि ती म्हणे थोरल्या दिराला वाईट. अनुराधेपर्यंत न्यायची तर पोरगी आदल्या दिवशी जन्माला घालावी लागत होती. मग मी वडील नसलेली मुलं शोधायला लागलो. हे काम किती लाजिरवाणं आहे, ते केल्याशिवाय कळणार नाही. "मुलाचे वडील काय करतात?" "ते वारले." "अरे वा!" असं माझ्या तोंडून एकदा निघून गेलं आणि ते स्थळ तिथेच संपलं. बरं, एवढं करून पाहुणे ठाण्याला आले, की भावजी दार उघडतानाच सांगायचे, "या, या! आमच्या मुलीचं नक्षत्र मूळ बरं का! विंचवाची शेपूट!" अगदी मुलगी राज्यात पहिली आली अशा आवाजात. पोहे तसेच राहायचे. ताई आत जाऊन रडायची. मी एकदा चिडून म्हणालो, "भावजी, निदान पोहे खाईपर्यंत तरी दम धरा!" तर म्हणाले, "लपवून लग्न लावू? मग उद्या त्या घरात कुणाला शिंक आली तर ही काय तोंड दाखवेल?"

कल्याणचं स्थळ आलं ते वडिलांसकट. वडील म्हणजे चांगला ऐसपैस माणूस, रेल्वेतून निवृत्त व्हायला टेकलेला, तोंडात पान. मला वाटलं, हे तर अगदीच गेलं. भावजींनी दारातच घोषणा केली. पाहुण्यांनी शांतपणे पोह्याचा घास घेतला आणि विचारलं, "म्हणजे मीच ना?" भावजी म्हणाले, "हो." "असं होय. पोहे मात्र झकास झालेत हं." मुलाची आई मात्र चमचा खाली ठेवून बसली. तेव्हा भावजी तिच्याकडे वळले आणि पहिल्यांदाच व्याख्यानाचा आवाज सोडून बोलले. "वहिनी, तुमच्याकडे गौरी येतात?" "येतात की." "कुठल्या नक्षत्रावर आणता?" "अनुराधेवर." "आणि जेवण?" "ज्येष्ठेला." "आणि निरोप?" बाई थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "मुळावर." "तीन दिवस तुमची माहेरवाशीण आमच्या विंचवाच्या अंगाखांद्यावर असते, वहिनी. त्याच्या शेपटीवरूनच आपण तिला सासरी पाठवतो. ती वेळ वाईट असती, तर आपल्या बायकांनी निवडली असती का?" मग बाईंनी चमचा उचलला. इतकी वर्षं ह्या माणसाचं आकाश ऐकून मी जांभया दिल्या, पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करतो.

लग्न झालं आणि खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. ज्या माणसाचा मुळावर काडीचा विश्वास नव्हता, तो व्याह्यांच्या जिवासाठी घाबरा झाला. भावजींनी रक्तदाब मोजायचं यंत्र विकत आणलं, कारखान्यातल्या दवाखान्यात जाऊन ते वापरायला शिकले आणि दर रविवारी ते झोळीत घालून कल्याण गाठायला लागले. व्याह्यांचा दंड आवळायचा, पारा बघायचा, मग त्यांना तलावाभोवती चालवून आणायचं. बटाटेवडा बंद, पानातली तंबाखू बंद, जिना सावकाश. व्याह्यांना साधा खोकला झाला तर हे ठाण्यात काढा उकळायला ठेवणार. मी विचारलं, "तुमचा तर विश्वास नाही ना या सगळ्यावर?" ते म्हणाले, "माझा नाही रे. लोकांचा आहे. तो माणूस आडवा झाला तर सगळी बोटं माझ्या पोरीकडे वळतील. जन्मभर वळतील." असं एकटं, भेदरलेलं बोलताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

तपासणीला आलो असं दिसू नये म्हणून ते विंचू दाखवायला आलो असं सांगत. दिवाळीच्या आधी, अंधार पडता पडता, नाहीतर उन्हाळ्यात जेवणं झाल्यावर ते व्याह्यांना गच्चीवर नेत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. ग्रीक गोष्टीतला तो ताऱ्यांचा शिकारी, ज्याने सगळे प्राणी मारायची बढाई मारली, म्हणून धरतीने त्याच्यावर विंचू सोडला. आजही विंचू वर आला की शिकारी पळून पश्चिमेला बुडतो. ही ज्येष्ठा, इतकी मोठी की सूर्याच्या जागी ठेवली तर पृथ्वी तिच्या पोटात. आणि हे मूळ. बाकी आम्ही सगळे काही ना काही कामाचं निमित्त काढून सटकायचो. व्याही मात्र खुर्ची टाकून मान वर करून बसत आणि प्रत्येक ताऱ्याला मनापासून म्हणत, "वा!"

असे कितीतरी रविवार गेले. नातू झाला, शाळेत जायला लागला, त्याला पोचवायला आजोबा जायला लागले. आणि एका सप्टेंबरात, दुपारच्या झोपेतच, व्याही गेले. आम्ही धावत कल्याणला पोचलो. शुभदा भिंतीला टेकून बसली होती, डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं. ती वाट बघत होती. आणि ते आलंच. नवऱ्याकडची कुणी एक चुलत आत्या, पुटपुटल्यासारखं पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मूळ शेवटी बाधलंच म्हणायचं." भावजींचा चेहरा पांढराफटक पडला.

बोलल्या त्या विहीणबाई. रडून घसा बसला होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "यांच्या वडलांनी साठी पाहिली नाही. थोरल्या भावाने पाहिली नाही. हे नातवाला शाळेत सोडण्याइतके जगले. मूळ नक्षत्राची सून आली म्हणून जगले. साधी सून आली असती, तर कोण मरायला दर रविवारी येऊन यांचं ब्लडप्रेशर बघत होतं?" मग त्या उठल्या आणि शुभदाजवळ जाऊन बसल्या. तेव्हा कुठे पोरगी रडली. भावजी बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले.

तेराव्याचं आटोपल्यावर विहीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमच्या भावजींना एक सांगू नका हं. अहो, यांना गेली कित्येक वर्षं अंधार पडला की काही दिसायचंच नाही. तारे कसले, समोरची पाण्याची टाकी दिसायची नाही. पण म्हणायचे, तो घाबरतो गं बिचारा माझ्यासाठी, येऊ दे की." मी मान डोलावली. हे आपण आयुष्यात कधी सांगायचं नाही, असं ठरवूनच ठाण्याला परतलो.

त्या संध्याकाळी मी वर्तकनगरलाच राहिलो. भावजी गच्चीवर गेले, मीही मागोमाग. माजिवड्याच्या अंगाला नव्या इमारतींचे दिवे लागले होते. विंचू मावळतीकडे झुकला होता. त्यांनी काही दाखवलं नाही, म्हणून मीच आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "ह्यातलं मूळ कुठलं हो, भावजी?" त्यांनी बोट वर केलं आणि थोड्या वेळाने खाली घेतलं.

"त्यांना काही दिसायचं नाही, तुला माहितीये?" ते म्हणाले.

मी चपापलो. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? एकदा ढग आले होते. विंचू पार झाकून गेला आणि मी बोलायचा थांबलो. तर हे आपले, 'वा!'"

"मग तरी दाखवत राहिलात?"

भावजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. बराच वेळ पुसला.

"काय सांगू तुला," ते म्हणाले, "फार छान म्हणायचे रे ते."